पाळीवरून दिसलं ते पाणमांजर होतं का? एका नोंदीची तपासणी

संक्रांत होऊन गेली होती. रविवार, संध्याकाळचे पावणेसहा. आमच्या गटातल्या सगळ्यात धाकट्या मुलाने, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे तो, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून मोबाइलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ काढला. पाण्यात एक काळपट डोकं, त्यामागे लांबट पाठ, दोन्ही बाजूंना फाकत जाणारी लाट, मग बुडी. ते पुन्हा वर येईल म्हणून तो पाऊण तास थांबला. अंधार पडला तेव्हा निघाला आणि घरी पोहोचायच्या आत व्हिडिओ गटावर टाकून मोकळा झाला. खाली एकच शब्द, "पाणमांजर!", आणि त्याखाली तलावाचं लोकेशन.

पुढच्या सात महिन्यांत या अकरा सेकंदांचं काय झालं, ते इथे सविस्तर मांडते आहे. आम्ही आठ जण गेली दहा वर्षं या तलावावर दर पंधरा दिवसांनी जातो, पक्षी मोजतो आणि एका लांबट रजिस्टरमध्ये लिहितो. इतक्या वर्षांत एका नोंदीने आम्हाला एवढं कामाला लावलं नव्हतं.

तलाव नागपूरहून उमरेडच्या बाजूला, गाडीने दीड तासाच्या आतला. नाव लिहीत नाही. कारण पुढे येईल. वरचं टोक राखीव जंगलाला लागून, खालचं टोक धानाच्या बांध्यांना. मधे पाणी, देवधान म्हणजे रानटी धान, कमळं आणि कडेकडेने माजलेली बेशरमची झुडपं. हा मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातला. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर समाजांनी ते धानासाठी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. पाणी शेतीला, मासे ढीवरांच्या सहकारी संस्थेला ठेक्याने, आणि हिवाळ्यात तलाव पाहुण्या पक्ष्यांचा.

त्या रविवारी आम्ही सकाळीही तिथेच होतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तिचाच पंधरवडा चालू होता. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाकांच्या जोड्या, अडया, शेकाटे, कमळपानांवरून चालणारे कमळपक्षी, उघड्या चोचीचे करकोचे, आणि देवधानावरून खालून घिरट्या घालणारी दलदलीतली हारीण, म्हणजे घारीसारखा शिकारी पक्षी. वारकरी तर मोजता मोजता पुरे व्हावे इतके. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव; ज्याने कोणी ठेवलं त्याने पक्षी नीट पाहिला होता. सकाळच्या यादीत वेगळं काही नव्हतं. धाकटा मात्र संध्याकाळी एकटाच पुन्हा गेला, आणि त्याचं मला कौतुक आहे. दुसऱ्या वेळी जो जातो त्याला वेगळं काहीतरी दिसतं.

पाळीवर गाड्या

रात्री नऊपर्यंत व्हिडिओ आमच्या गटातून बाहेर पडला होता. सोमवारी दुपारी चारला मी पोहोचले तेव्हा बैलगाडीच्या त्या पाळीवर आठ गाड्या उभ्या होत्या. लोक वाईट नव्हते. हौशी होते, चांगले कॅमेरे घेऊन आले होते, बरेचसे ओळखीचे. पण एकाने ड्रोन उडवला. आवाज आला तसे चक्रवाक उठले, त्यांच्यामागे तलवार बदकं, मग सगळा तलावच उठला. दोन जण देवधानात गुडघाभर पाण्यात शिरले. हारीण रात्रीला जिथे उतरते तीच ती जागा. पाणमांजर कोणालाच दिसलं नाही. बुधवारी सकाळी आम्ही मोजणी केली तेव्हा रविवारी होती त्याच्या निम्मीही तलवार बदकं तलावावर नव्हती.

नागपूरकरांना वाघाची सवय आहे. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय नावाचा वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला तेव्हा या शहराने घरचं माणूस हरवल्यासारखी चौकशी केली होती. वाघाला बघायला फाटक असतं, तिकीट असतं, गाईड असतो, गाड्यांची संख्या ठरलेली असते. पाणथळ जागेला यातलं काही नसतं. लोकेशन कळलं की थेट काठावर.

ऊद म्हणजेच पाणमांजर या प्राण्याच्या बाबतीत ही गोष्ट जास्त गंभीर आहे. पाण्यात राहणाऱ्या बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तसा याला नसतो. थंडी अडवायची ती केसांनी. म्हणून केस अतिशय दाट, आणि म्हणूनच कातड्याला चोरट्या बाजारात किंमत. भारतात ऊदाच्या तीन जाती आहेत. त्यातली गुळगुळीत केसांची, आपल्या मोठ्या नद्या-तलावांवर कळपाने राहणारी जात जागतिक यादीत संकटग्रस्तांमध्ये मोडते, आणि २०१९ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद आहे. कागदावर बंद. फासे लावणाऱ्याला कागद वाचावा लागत नाही; त्याला जागा कळली की पुरते.

धाकट्याने सोमवारी रात्री संदेश काढून टाकला. स्क्रीनशॉट तोवर कुठल्या कुठे गेले होते. तो फोनवर रडला. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते: चूक त्याची नव्हती. काय टाकायचं आणि काय नाही, याचा आमच्याकडे नियमच नव्हता. दहा वर्षं आम्ही बदकांची लोकेशनं टाकत आलो आणि तेच त्याने पाहिलं होतं.

व्हिडिओत काय आहे

मंगळवारी रात्री आम्ही पाच जण माझ्या घरी बसलो आणि अकरा सेकंद एकेक चित्र थांबवून पाहिले. डोक्यापासून थोड्या अंतरावर एक वारकरी पोहतो आहे. वारकऱ्याची लांबी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते. त्याच्या शेजारी ती पाठ दीडपट तरी वाटते. पण वारकरी अलीकडे आहे की पलीकडे, हे मोबाइलच्या चित्रातून कळत नाही, त्यामुळे दीडपट म्हणजे नक्की किती, तेही कळत नाही.

मग काय काय असू शकतं, ते एकेक घेतलं. घोरपड उत्तम पोहते आणि तिला पाहून फसणारे पुष्कळ. पण जानेवारीच्या संध्याकाळी, अंगात स्वेटर असताना, थंड रक्ताची घोरपड पाण्यात उतरणार नाही. ती सूर्य कलायच्या आधीच बिळात जाते. मुंगूस पाण्यातून जातं, बुडी मारत नाही. बाऊल, म्हणजे रानमांजर, तसंच. सापमान्या हा पक्षी पोहताना अंग पाण्याखाली ठेवतो आणि वर नुसती मान, साप उभा राहावा तशी. इथे पाठ दिसते आहे, म्हणजे तोही नाही. उरले दोघं: पाणकावळा आणि ऊद.

ऊद बुडी मारतं तेव्हा पाठीची कमान होते आणि सगळ्यात शेवटी शेपटी पाण्यात जाते. पाणकावळा आधी किंचित उसळी घेतो आणि चोच खाली करून जातो. फरक डोळ्यांना कळण्यासारखा आहे. नेमक्या त्या क्षणी व्हिडिओ हलतो. साहजिकच आहे, आपल्या आयुष्यातलं पहिलं पाणमांजर दिसतं आहे असं वाटणाऱ्या मुलाचा हात हलणारच. नंतरच्या चित्रात नुसतं वलय.

तीन जण ऊद म्हणाले, एक पाणकावळा म्हणाला. मी काहीच म्हणाले नाही. पाणकावळ्याच्या विरोधात एक गोष्ट होती: त्या वेळी तलावातल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे रात्रीसाठी येऊन बसले होते, हे आमच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदींवरून माहीत होतं. पण एखादा उशिरा उतरूच शकतो. मतदानाने प्राणी ठरत नाही. रजिस्टरमध्ये त्या व्हिडिओसमोर "अनिश्चित" लिहिलं आणि चिखलात जायचं ठरवलं.

खवल्यांचा ढीग

बुधवारी पहाटे चौघं जण वनरक्षकाला सोबत घेऊन गेलो. पाणी दिसेनासं होईल असं धुकं होतं. पाळीच्या वरच्या टोकाला एका सपाट दगडावर खवल्यांचा ढीग सापडला, रुपयाएवढाली खवलं, ताजी, अजून ओली. धाकट्याचा चेहरा उजळला. माझाही उजळला असावा. ऊद ठरलेल्या दगडावर येऊन मासे खातं आणि तिथेच घाण करतं, हे आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं.

तेवढ्यात एक म्हातारे ढीवर डोंगा काठाला लावून वर आले. सत्तरी ओलांडलेली असावी. इतकी वर्षं आम्ही त्यांना पाहत आलो, ते आम्हाला पाहत आले. रामराम व्हायचा, तेवढंच. आम्ही दगडाभोवती वाकून फोटो काढतोय, हे पाहून ते म्हणाले, "काय भेटलं, ताई?"

मी सांगितलं.

"हे तं काल आमच्या घरच्या बाईनं मासे साफ केले, त्याचं हाय. पाणमांजर काय खवलं सोलून खाते का?"

बरोबर होतं. ऊद मासा खवल्यांसकट खातं, आणि ती खवलं विष्ठेतून बाहेर पडतात. नुसत्या स्वच्छ खवल्यांचा ढीग म्हणजे सुरी. आम्हाला हे समोर दिसत असून कळलं नव्हतं.

मी विचारलं, "बाबाजी, इथे पाणमांजर आहे का?"

ते थोडा वेळ वनरक्षकाकडे पाहत राहिले. मग वनरक्षक फोन घ्यायला बाजूला गेला तेव्हा म्हणाले, "हाय न. महापुराच्या सालापासून हाय. पर थे पाळीवर कायले येईन? तुमी सारे पाळीवरच पाह्यता. वरतं जा, नाल्यात. कहू हायेत, त्याच्या मुळाइकडे."

कहू म्हणजे अर्जुनसादडा. महापूर म्हणजे २०२० च्या ऑगस्टअखेरचा, वैनगंगेचा. तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्याखाली गेली होती. या तलावाचा सांडवा ज्या नाल्यात उतरतो तो पुढे वैनगंगेच्याच खोऱ्यात जातो. पुराच्या पाण्याबरोबर, ओढ्या-नाल्यांचा माग काढत ऊदं वर आली, असं बाबाजींचं म्हणणं. पटण्यासारखं आहे. पण ती आधीपासूनच असतील आणि पुरानंतर जाळ्याकडे येऊ लागली असतील, हेही शक्य आहे, म्हणून रजिस्टरमध्ये त्यांचं म्हणणं "ढीवरांकडून" अशी खूण करून लिहिलं.

जाळ्याचंही त्यांनी सांगितलं. पहाटे जाळं उचललं की काही वेळा रोहूचं नुसतं मुंडकं अडकलेलं असतं आणि धड खाल्लेलं. जाळं कासवही फाडतं. दोघांचं फाडणं वेगळं असतं म्हणाले, आणि दोन जाळी आणून दाखवलीही. मी दहा मिनिटं बोटांनी चाचपून पाहिली. मला फरक कळला नाही. त्यांच्या बोटांना कळतो, यावर माझा विश्वास आहे. साठ वर्षं जाळी दुरुस्त करणारी बोटं आहेत ती.

मी विचारलं, इतकी वर्षं आम्ही येतो, कधी बोलला नाहीत.

"तुमी कवा इचारलं?" ते म्हणाले. आणि मग आवाज खाली करून, "अन् सांगितलं असतं, अन् उद्या साहेबांनं मासेमारी बंद केली असती तं? आमी कुठं जावं?"

या सगळ्या प्रकरणातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. आमच्या रजिस्टरमध्ये दहा वर्षांच्या बदकांच्या नोंदी आहेत, पाण्याची पातळी आहे, बेशरम किती वाढली ते आहे. रोज पहाटे चार वाजता त्या पाण्यावर असणाऱ्या माणसाचं एकही वाक्य नाही. आणि त्याने बोलू नये, अशीच सगळी व्यवस्था आहे. दुर्मिळ प्राणी दिसला की आम्हाला आनंद होतो. त्याच्या पोटावर पाय येईल की काय, अशी भीती त्याला वाटते. ही भीती हवेतली नाही. आजूबाजूच्या जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा कोणाचं काय गेलं, ते या गावांना पाठ आहे.

नाल्यातला दगड

गुरुवारी आम्ही तिघंच गेलो. बाबाजींनी नातवाला वाट दाखवायला दिलं होतं. तलावाच्या वरच्या अंगाला नाला जंगलातून येतो. अर्ध्या किलोमीटरवर एक डोह, त्याच्या काठाला तीन मोठे अर्जुन, मुळं पाण्यापर्यंत उघडी पडलेली. मुळांच्या पन्नास पावलं अलीकडेच आम्ही थांबलो. ऊदांची पिल्लं आपल्याकडे साधारण हिवाळ्यात होतात. त्या मुळांत बीळ असेल तर तिथे माणसाचा वास नेणं बरोबर नव्हतं.

डोहाच्या अलीकडच्या काठावर, पाण्यापासून हातभर उंच, एक काळा दगड होता. त्यावर डांबरासारखी काळसर, चिकट विष्ठा, दोन जागी. एक ताजी, एक वाळून भुरी झालेली. वाळलेली काडीने उकलून पाहिली. खवलं, माशाचे केसासारखे काटे, आणि खेकड्याच्या नांगीचे दोन तुकडे. वास माशाचा, पण कुजलेल्या माशाचा नाही; तेलकट, थोडा गोडसर. एकदा घेतला की विसरायचा नाही असा.

खेकडे मुंगूसही खातं, कोल्हाही खातो. पण त्यांच्या विष्ठेत केस, बिया, किड्यांची पाठं असं मिसळलेलं असतं, आणि ती अशी उंचावरच्या एकाच दगडावर पुन्हा पुन्हा नसते. बगळे आणि पाणकावळे न पचलेले काटे ओकून टाकतात, पण त्याची गोळी वेगळी दिसते आणि ती बहुतेक बसायच्या झाडाखाली पडलेली असते.

दगडाखालच्या गाळात पावलं होती. बरीचशी एकमेकांवर पडून मोडलेली. एक मात्र स्वच्छ होतं: पाच बोटं, पंख्यासारखी फाकलेली, आणि दोन बोटांच्या मधे गाळावर उठलेली पडद्याची बारीक रेघ. कुत्र्याच्या पावलात चार बोटं उमटतात. मुंगसाचं पाऊल फारच लहान. शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवून मोजलं, रुंदी साडेसहा सेंटिमीटर. धाकट्याने फोटो काढला. या वेळी हात हलला नाही.

फोटो, मापं आणि वर्णन आम्ही ऊदांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या दोन अभ्यासकांना पाठवलं, जागा न सांगता. दोघांचं उत्तर एकच: विष्ठा आणि पाऊल ऊदाचंच. जात कोणती, ते एवढ्यावरून सांगता येणार नाही. आपल्या भागात गुळगुळीत केसांचं ऊद असण्याची शक्यता जास्त. पण तेच कळपाने राहतं, आणि कळपाच्या जागी एवढीशी घाण नसते, पुष्कळ असते, वाळूत लोळल्याच्या जागाही असतात. इथे एखाददुसराच प्राणी असावा. त्यातच मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि बालाघाटच्या जंगलात युरेशियन ऊद कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जंगलात लावून ठेवलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, मिळालेलं आहे, त्याची नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ते एकटं राहणारं, रात्री फिरणारं. म्हणजे दोन्ही शक्यता उघड्या. डीएनए तपासणीने कळेल, त्यासाठी वन विभागामार्फत नमुना जायला हवा.

वन विभागाने डोहाच्या पलीकडच्या काठावर एक कॅमेरा ट्रॅप लावला, पंधरा रात्री. बाऊल आला, मुंगूस रोज आलं, कोल्ह्याची जोडी दोनदा, रानडुकरं एकदा. ऊद आलं नाही. जवळजवळ निम्म्या रात्री मात्र तीन गावठी कुत्री दिसली, त्याच दगडाभोवती हुंगत. पिल्लं असतील तर त्यांना धोका आमच्या कॅमेऱ्यांचा जास्त की या कुत्र्यांचा, याचं उत्तर मला कुत्री हेच वाटतं, आणि त्यावर आमच्यापैकी कोणाकडेही उपाय नाही.

या दिवसांतच गटावर आणखी एक दावा आला, अंबाझरीतही पाणमांजर पाहिलं म्हणून. तो आम्ही तेवढ्याच गांभीर्याने घेतला. अंबाझरी १८७० चा तलाव, शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला. त्याच्याखालून नाग नदी शहराचं सांडपाणी पोटात घेत पूर्वेला जाते आणि शेवटी कन्हानला मिळते. मासे खाऊन जगणाऱ्या प्राण्याने त्या पाण्यातून उलट वर यायचं, तेही भर शहरातून, हे अवघड. तलावावर अलीकडे जलपर्णीचे थर चढतात. त्यांच्या कडेने पाणकावळे बुड्या मारत फिरतात. काठ पाहिले, दगड पाहिले, सकाळी मासे धरणाऱ्यांना विचारलं. काहीही मिळालं नाही. नोंद केली: पुरावा नाही. दावा करणारे गृहस्थ नाराज झाले. पण त्यांना खोटं कोणी म्हटलेलं नाही. एखादा पाणकावळाही संध्याकाळच्या उजेडात आपल्याला पुरेपूर फसवू शकतो, हे धाकट्याच्या व्हिडिओने आम्हालाच शिकवलं होतं.

समाजमंदिरातली बैठक

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ढीवर संस्थेच्या सहा जणांसोबत गावातल्या समाजमंदिरात बसलो. बाबाजींनीच बोलावलं होतं. सुरुवातीला कोणी बोलेना. मग एका तरुणाने स्पष्ट विचारलं, "तुम्ही हे पेपरात देणार काय?"

आम्ही सांगितलं, नाही. तलावाचं नाव आमच्याकडून कुठेही जाणार नाही. रजिस्टरमध्येसुद्धा आता त्या डोहाला नुसता एक आकडा आहे. संवेदनशील पक्ष्यांच्या बाबतीत ईबर्डसारखी नोंदींची व्यवस्था ठिकाण आपोआप झाकते. मोबाइलवरच्या गटाला असं झाकण नसतं, ते आपणच व्हायचं. ज्याचं कातडं विकलं जातं, जे घरटं करून बसलं आहे, किंवा ज्याची रात्रीची ठरलेली जागा आहे, त्याचं ठिकाण आता आमच्यातलं कोणीही टाकत नाही, टाकायचंच झालं तर तालुक्याचं नाव.

त्यांनी एक गोष्ट कबूल केली: मार्चअखेरपर्यंत नाल्याच्या तोंडावर आडवं जाळं लावायचं नाही. पाण्याखालच्या जाळ्यात ऊद गुरफटलं तर श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही, गुदमरतं, हे आम्ही सांगायच्या आधीच त्यांना माहीत होतं. नाल्याचं तोंड ही मरळ मिळण्याची चांगली जागा, म्हणजे ही सवलत फुकटची नव्हती.

आमच्याकडून त्यांनी पत्र मागितलं, आणि ते आम्ही वन विभागाला दिलं. त्यात लिहिलं की इथे ऊदाच्या खुणा आहेत. स्थानिकांच्या सांगण्यानुसार काही वर्षांपासून आहेत. त्या सगळ्या वर्षांत इथे पारंपरिक मासेमारी चालू होती. त्यामुळे मासेमारी बंद करण्याचं कारण म्हणून ही नोंद वापरली जाऊ नये. हे वाक्य घालावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. एकाचं म्हणणं, आपलं काम प्राण्याची नोंद करणं, धोरण सांगणं नव्हे. मला ते पटलं नाही. ज्याच्या सांगण्यावरून नोंद झाली, त्याच्यावरच ती उलटली तर पुढची नोंद कधीच होणार नाही. वाक्य राहिलं. अधिकाऱ्यांनी बंदीचा विचार नाही असं तोंडी सांगितलं आहे. लेखी अजून काही आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत मी दर महिन्याला विचारत राहणार आहे.

आजची स्थिती

रजिस्टरमध्ये आता एक नवा रकाना आहे: "कसं कळलं". त्यात चार प्रकार: पाहिलं, खुणा, कोणाकडून ऐकलं, अनिश्चित. व्हिडिओ अनिश्चितच आहे. डोह क्रमांक एकसमोर "ऊद, खुणांवरून, जात ठरलेली नाही". मार्चमध्ये दगडावर एकदा ताजी विष्ठा मिळाली. तिचा नमुना वनरक्षकाकडे दिला आहे. एप्रिलमध्ये दोनदा गेलो, काही नाही. मेमध्ये नाला कोरडा पडला, डोहात कंबरभर पाणी उरलं, दगडावरची जुनी घाण उन्हाने पांढरी पडून वाऱ्याने उडून गेली. त्या तारखांसमोर धाकट्याने "काही नाही" असं लिहिलं आहे, वेळेसकट. त्याला हे कंटाळवाणं वाटेल असं मला वाटलं होतं. तो उलट आता मला रिकाम्या जागा भरायला लावतो.

आता ऑगस्ट आहे. तलाव भरला, सांडव्यावरून पाणी चाललं आहे, नाल्याकडे जायची वाट बंद आहे. पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरमध्ये, पक्षी सप्ताहाच्या आसपास, पुन्हा डोहापर्यंत जायचं ठरलं आहे. गेल्या शुक्रवारी बाबाजींच्या नातवाचा धाकट्याला फोन आला: सांडव्याजवळच्या जाळ्यात रोहू सापडला, धड अर्धं खाल्लेलं, मुंडकं जाळ्यात. धाकटा शनिवारी सकाळी पहिली एसटी पकडून गेला, दातांच्या खुणांचा फोटो घ्यायला. तोवर उरलेला अर्धा मासा घरात शिजला होता, मुंडकंही रश्श्यातच गेलं होतं. त्यालाही जेवायला बसवलं. नोंद त्याने तिथेच बसून केली: तारीख, सांडवा, रोहू, "ऐकलं".